पडल्यावर उठायला किती खर्च येतो?

घरातलं वयस्क माणूस पडलं की आपण पहिल्यांदा विचारतो, ‘लागलं का?’ नाही म्हटलं की जीव भांड्यात पडतो आणि विषय तिथेच मिटतो. विचारायचा खरा प्रश्न त्याच्या पुढचा आहे: ‘आपलं आपण उठता आलं का?’ कारण एकही हाड न मोडता, केवळ उठता आलं नाही म्हणून तासन् तास फरशीवर पडून राहिलेली माणसं दवाखान्यात दाखल होतात. एकाच कुशीवर पडून राहिलं की कातडीवर दाबाच्या जखमा होतात, दबलेल्या स्नायूंचा ऱ्हास होऊन मूत्रपिंडावर ताण येतो, अंगातलं पाणी कमी होतं, थंडीच्या दिवसांत अंग गार पडतं, पुढे न्यूमोनियाही होतो.

इंग्लंडमधल्या केंब्रिज शहरात नव्वदी ओलांडलेल्या माणसांची वर्षभर पाहणी झाली आणि २००८ मध्ये तिचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. त्या वर्षात जे पडले त्यांच्यापैकी ८० टक्के जणांना किमान एकदा तरी आपलं आपण उठता आलं नव्हतं. ३० टक्के जण तासभर किंवा त्याहून जास्त वेळ जमिनीवर पडून होते. मदतीसाठी हाक मारायची यंत्रणा त्यातल्या अनेकांकडे होती, पण एकटं असताना पडल्यावर बहुतेकांनी ती वापरलीच नाही.

ही शेवटची गोष्ट खर्चाचा विचार करताना फार महत्त्वाची आहे. आपल्याकडे मुलं परगावी किंवा परदेशात असली की आईबाबांसाठी पहिल्यांदा घेतलं जातं ते महागडं घड्याळ किंवा कॅमेरा. माझ्या मते हा क्रम उलटा आहे. आधी उठायला शिकणं, मग धरायला आधार, त्यानंतर हाक मारायची सोय आणि शेवटी यंत्रं, असा क्रम लावला तर खर्चही कमी होतो आणि उपयोग जास्त होतो. खाली दिलेले दर मुंबई-पुण्यासारख्या शहरांतले साधारण आकडे आहेत. तालुक्याच्या गावी ते कमी पडतात, मोठ्या शहरांच्या काही भागांत जास्त. पैसे देण्याआधी दोन ठिकाणी चौकशी करा.

आधी शिकवणी

उठायला शिकवणारा माणूस म्हणजे फिजिओथेरपिस्ट. घरी येऊन एका वेळेचे साधारण ५०० ते १,००० रुपये, लहान शहरांत ३०० ते ५००. एरवी ठणठणीत असलेल्या माणसाला तीन-चार वेळा पुरतात. ज्यांचे पाय खूपच अशक्त झाले आहेत त्यांना दोन-तीन महिने लागू शकतात. पैशांची अडचण असेल तर सरकारी वैद्यकीय महाविद्यालयांच्या रुग्णालयांत फिजिओथेरपीचा विभाग असतो, तिथे नाममात्र शुल्कात काम होतं. मुंबईत हाजीअलीला पुनर्वसनासाठीच १९५५ पासून चालणारी केंद्र सरकारची संस्था आहे. मोठ्या शहरांत फिजिओथेरपी महाविद्यालयांची बाह्यरुग्ण केंद्रंही असतात.

माणूस ठरवताना दोन गोष्टी विचारा. पहिली, फिजिओथेरपीची पदवी आणि राज्य परिषदेची नोंदणी आहे का? मालिश करणारा आणि फिजिओ यांत फरक आहे, पण घरी बोलावताना बरेच जण तो करत नाहीत. दुसरी, ‘जमिनीवरून उठायला शिकवाल का?’ हे फोनवरच स्पष्ट विचारा. नाहीतर गुडघ्याला शेक, मशीन आणि पलंगावरचे व्यायाम एवढ्यावर दहा बैठका संपतात आणि मूळ काम राहून जातं.

चांगला फिजिओ हे उलट्या क्रमाने शिकवतो. आजींना एकदम जमिनीवर बसवत नाही, कारण भीतीनेच त्यांचे पाय आखडतात. दिवाणखान्यात भिंतीला टेकवून एक जड लाकडी खुर्ची ठेवतो. पहिल्या दिवशी आजी फक्त खुर्चीच्या बैठकीवर दोन्ही हात टेकून एक गुडघा खाली घडी घातलेल्या सतरंजीवर टेकवतात आणि परत वर येतात. हे जमलं की दोन्ही गुडघे. मग एक हात खाली. पुढे दोन्ही हात आणि गुडघे, म्हणजे रांगण्याची स्थिती. मग तिथून एका कुशीवर. सगळ्यात शेवटी पाठीवर. प्रत्येक पायरीवरून वर यायची वाट आधीच पाठ झालेली असते, त्यामुळे खाली जायचं भय उरत नाही. कितीतरी आजीआजोबा वर्षानुवर्षं जमिनीवर बसलेलेच नसतात. डायनिंग टेबल, कमोड आणि पलंग यांत जुनी मांडी कधी सुटली ते त्यांनाही सांगता येत नाही. आता घरात कोणी जमिनीवर बसू लागलं की ‘नको, उठता येणार नाही’ म्हणून आपणच त्यांना अडवतो. त्या अडवण्यानेच उठण्याची ताकद आणखी कमी होते.

शिकवणीच्या वेळी घरात जे कोणी असतं, म्हणजे सून, नात, कामाला येणाऱ्या मावशी, त्यांनी समोर थांबायलाच हवं. पडल्यावर जवळ असणार आहेत त्या याच.

प्रत्यक्ष उठायचं कसं

याला पैसे लागत नाहीत, म्हणून इथे जरा सविस्तर लिहितो. पडल्यावर लगेच उठायची धडपड करू नये. दोन-तीन मिनिटं तसंच पडून श्वास सावरायचा, हातपाय एकेक करून हलवून बघायचे. खुब्यात किंवा जांघेत तीव्र कळ येत असेल, एक पाय आखूड दिसत असेल आणि पाऊल बाहेरच्या बाजूला वळलेलं असेल, मान किंवा पाठ दुखत असेल, डोक्याला मार लागला असेल, काही क्षण शुद्ध गेली असेल, तोंड वाकडं किंवा बोलणं अडखळतं झालं असेल, तर उठायचं नाही आणि कोणी उठवायचंही नाही. रक्त पातळ करणारी गोळी चालू असताना डोकं आपटलं, तर वरून काही दिसत नसलं तरी दवाखाना गाठायचाच.

यातलं काही नसेल तर आधी एका कुशीवर वळायचं. वरचा हात छातीपुढे जमिनीवर टेकवून खालच्या कोपरावर जोर द्यायचा आणि अंग वर घ्यायचं. मग हातांवर आणि गुडघ्यांवर यायचं. जवळच्या पक्क्या वस्तूपर्यंत रांगत जायचं: लाकडी खुर्ची, दिवाण, पलंगाची कड. प्लास्टिकची खुर्ची मुळीच धरायची नाही, भार पडताच ती सरकते किंवा उलटते. दोन्ही तळहात बैठकीवर ठेवायचे, जो पाय जास्त बळकट आहे त्याचं पाऊल पुढे टेकवायचं, हात आणि त्या पायावर भार देऊन कंबर उचलायची आणि वळून बसायचं. बसल्यावर लगेच चालायला लागू नका. पाच-दहा मिनिटं बसा, कारण एकदम उभं राहिल्यावर रक्तदाब उतरून पुन्हा पडण्याची भीती असते.

गुडघे बदललेले असतील किंवा गुडघा टेकवणं अशक्य असेल त्यांच्यासाठी दुसरी वाट आहे, आणि तिचं सामान मराठी घरात बहुधा असतंच. बसल्या बसल्या मागे मागे सरकत पाटापर्यंत जायचं. तळहात मागे टेकवून, पाय रोवून, कंबर पाटावर घ्यायची. पाटामागे भिंतीला टेकवलेला चौरंग, त्यावर बसायचं. चौरंगानंतर खुर्ची किंवा दिवाण. एकदम दीड हात उंच उठण्याऐवजी तीन छोट्या चढणी होतात. पाट-चौरंग डगमगणारे नसावेत आणि खाली रबराचा तुकडा असावा, एवढंच बघायचं. घरात जिना असेल तर खालच्या पायरीपासून हीच युक्ती करता येते. ही वाटही आधी फिजिओसमोर करून बघा. गुडघे किंवा खुबा बदलला असेल तर कोणत्या हालचाली टाळायच्या, हे शस्त्रक्रिया करणाऱ्या डॉक्टरांनाही विचारून घ्या.

उठताच येत नसेल तर दमछाक करून घेऊ नये. हाताला येईल ते अंगावर ओढायचं, पायमोजे, चादर, टॉवेल काहीही. दर थोड्या वेळाने कूस बदलायची, पावलं हलवत राहायची आणि ओरडण्यापेक्षा काहीतरी ठोकत राहायचं. घसा लवकर बसतो, पण स्टीलच्या तांब्याचा फरशीवरचा आवाज शेजारपर्यंत जातो.

मोरी, संडास आणि दार

इथल्या धरण्याच्या दांड्याला हार्डवेअरच्या दुकानात ग्रॅब बार म्हणतात. स्टीलचा फूट-दीड फुटाचा ३०० ते ८०० रुपयांना, लावायची मजुरी प्रत्येकी २०० ते ३००. एक कमोडच्या बाजूला, एक अंघोळीच्या जागी. उंची साधारण तीन फुटांच्या थोडी खाली, पण पट्टीने मोजण्याआधी ज्यांच्यासाठी लावायचा त्यांना तिथे बसवून-उठवून हात कुठे जातो ते बघा आणि तिथे पेन्सिलीने खूण करा. दांडा टाइलला नाही, टाइलमागच्या विटेला किंवा काँक्रीटला धरला पाहिजे. नव्या इमारतींत पोकळ ब्लॉकच्या भिंती असतात, तिथे साधा रावळप्लग टिकत नाही, मिस्त्रीला आधीच सांगा. लावून झाल्यावर घरातल्या सगळ्यात वजनदार माणसाने त्यावर जोर देऊन बघायचं. व्हॅक्यूमने चिकटणारे दांडे ऑनलाइन स्वस्त मिळतात, ते घेऊ नका. टॉवेलची दांडी म्हणजे ग्रॅब बार नव्हे, हे घरातल्या सगळ्यांना सांगून ठेवा.

दाराचा विचार फार थोडे जण करतात. बाथरूमचं दार आत उघडणारं असेल आणि माणूस दारामागेच पडलं तर बाहेरच्यांना दार ढकलताच येत नाही. दार उलटं फिरवून बाहेर उघडेल असं करायला सुतार साधारण १,५०० ते ३,००० रुपये घेतो. तेवढं जमत नसेल तर आतली कडी काढून बाहेरून नाण्याने फिरवता येणारा लॅच लावा, ५०० रुपयांच्या आसपास काम होतं. तेही नको असेल तर कडी न लावता दार नुसतं लोटायची सवय घरात करा, त्याला खर्च नाही. दाराला रुमाल अडकवला की कोणीतरी आत आहे हे कळतं.

कमोड फार खाली असेल तर त्यावर बसवायची उंच बैठक १,२०० ते २,५०० रुपयांना मिळते. रात्री पलंगाशेजारी कमोड खुर्ची ठेवली, २,५०० ते ४,५०० रुपये, तर अंधारातल्या फेऱ्या कमी होतात. पावलांची चाहूल लागून पेटणारा दिवा ३०० रुपयांना येतो. पलंग ते संडास या वाटेवर दोन लावा.

हाक कशी पोचेल

बिनतारी बेल ५०० ते १,००० रुपयांना मिळते. चूक होते ती बटण लावण्यात. दाराच्या बेलच्या उंचीवर लावलेलं बटण पडलेल्या माणसाच्या काय कामाचं? ते जमिनीपासून वीतभर उंचीवर लावा, एक बाथरूममध्ये, एक पलंगाशेजारी. आवाज करणारा भाग दुसऱ्या खोलीत ठेवा किंवा शेजाऱ्यांची तयारी असेल तर त्यांच्याकडे. मोबाइल टेबलावर नको, कापडी पिशवीत घालून गळ्यात. घराची एक किल्ली शेजारी किंवा सोसायटीच्या विश्वासातल्या माणसाकडे असू द्या, नाहीतर मदतीला आलेल्यांना आधी कुलूप तोडावं लागतं.

पडल्याचं ओळखून आपोआप फोन लावणारी मनगटी घड्याळं आहेत. अॅपलच्या घड्याळात ही सोय २०१८ पासून आहे. वय ५५ किंवा जास्त नोंदवलं तर ती आपोआप चालू होते आणि पडल्यावर माणूस मिनिटभर हललं नाही तर घड्याळ स्वतःच आपत्कालीन क्रमांकाला फोन लावतं. पंचवीस हजारांच्या पुढे किंमत, सोबत आयफोन आणि रोजचं चार्जिंग. ज्या आजोबांना रोज घड्याळ लावायची सवय आहे आणि जे एकटे राहतात त्यांच्यासाठी हा खर्च योग्य आहे. अंघोळीला जाताना घड्याळ काढून ठेवणाऱ्यांसाठी नाही, कारण ते पडतात तिथेच घड्याळ नसतं.

उचलणाऱ्यांनी काय करायचं

काखेत हात घालून ओढायचं नाही. म्हाताऱ्या माणसाचा खांदा निखळू शकतो आणि ओढणाऱ्याच्या कमरेत उसण भरते. मग घरात एकाऐवजी दोन रुग्ण होतात. दोन खुर्च्या आणा. एक त्यांच्या पुढ्यात, हात टेकायला. दुसरी, ते कंबर उचलतील तेव्हा मागून सरकवायला. बळ त्यांनाच लावू द्या, तुम्ही फक्त खुर्ची धरा आणि पुढची पायरी सांगा. वारंवार पडणारं माणूस घरात असेल तर कमरेला बांधायचा मुठी असलेला पट्टा सर्जिकलच्या दुकानात ६०० ते १,५०० रुपयांना मिळतो, तो कसा धरायचा हे फिजिओकडून शिकून घ्या.

हाड मोडल्याची शंका असेल तर त्यांना रिक्षात बसवू नका. १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका महाराष्ट्रात २०१४ पासून मोफत आहे, गोव्यातही हाच क्रमांक चालतो. खासगी रुग्णवाहिका शहरात दीड ते तीन हजार घेते. गाडी येईपर्यंत पांघरूण घाला, पण चहा-पाणी पाजू नका, शस्त्रक्रिया लागली तर पोट रिकामं असलेलं बरं. निघताना चालू गोळ्यांची पाकिटं आणि आधार कार्ड सोबत घ्या.

खुब्याचं हाड मोडलं तर खासगी रुग्णालयात शस्त्रक्रिया, साहित्य आणि आठवडाभराचा मुक्काम धरून साधारण दीड ते चार लाख रुपये लागतात. ही शस्त्रक्रिया शक्यतो एक-दोन दिवसांतच व्हावी लागते, म्हणून पैशांच्या जुळवाजुळवीत दिवस घालवणं फार महागात पडतं. ७० वर्षांवरच्या सगळ्यांना, उत्पन्न कितीही असो, आयुष्मान भारत योजनेत वर्षाला ५ लाखांपर्यंतचं संरक्षण ऑक्टोबर २०२४ पासून मिळतं. त्यासाठी आयुष्मान वय वंदना कार्ड काढावं लागतं, मदतीचा क्रमांक १४५५५. राज्यात महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेचंही संरक्षण आहे, योजनेतल्या रुग्णालयात आरोग्यमित्र असतो, त्याला दाखल होतानाच गाठा. बिल झाल्यावर नव्हे. मात्र या योजना मुख्यतः दाखल झालेल्या रुग्णासाठी आहेत. नुसता एक्स-रे काढून घरी परतलात तर ते ४०० ते १,००० रुपये खिशातून जातात, डोक्याचा सीटी स्कॅन केला तर २,००० ते ४,००० रुपये. खासगी आरोग्य विमा असेल तर रुग्णालयातून सुटल्यानंतरच्या फिजिओचा खर्च पॉलिसीत बसतो का, ते आजच वाचून ठेवा. बसत असेल तर डॉक्टरांची लेखी चिठ्ठी लागते.

उपकरणांसाठी मुख्यमंत्री वयोश्री योजना आहे. वय ६५ किंवा जास्त, कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न २ लाखांच्या आत, तर आधारशी जोडलेल्या खात्यात एकदाच ३,००० रुपये जमा होतात. त्यातून वॉकर, तीन पायांची काठी, कमोड खुर्ची, गुडघ्याचा पट्टा, चष्मा, श्रवणयंत्र घेता येतं. चौकशी जिल्ह्याच्या समाज कल्याण सहायक आयुक्तांच्या कार्यालयात करा आणि बिल जपून ठेवा, ते सादर करावं लागतं. ३,००० रुपयांत एक वॉकर आणि एक काठी आरामात बसते.

आणखी एक खर्च टळतो तो औषधांच्या फेरतपासणीने. बीपीच्या, झोपेच्या, प्रोस्टेटच्या गोळ्यांमुळे उभं राहताच रक्तदाब उतरू शकतो. डॉक्टरांना झोपून आणि उभं राहून असा दोनदा बीपी बघायला सांगा. वरचा आकडा २० किंवा जास्त उतरत असेल तर गोळ्या किंवा त्यांच्या वेळा बदलायच्या का, ते त्यांना विचारा. तपासणी फीपलीकडे याला काही लागत नाही. व्यायामाचंही तसंच. जगभरातल्या चाचण्या एकत्र करून २०१९ मध्ये निघालेला निष्कर्ष असा, की तोल आणि पाय सुधारणाऱ्या व्यायामाने पडण्याचं प्रमाण साधारण २३ टक्क्यांनी कमी होतं. हात न टेकवता खुर्चीतून दहा वेळा उठणं-बसणं आणि स्वयंपाकघरातल्या ओट्याला धरून टाचा उचलणं, एवढ्यापासून सुरुवात करता येते.

आता हिशोब मांडू. फिजिओच्या चार बैठका ६०० रुपयांप्रमाणे २,४००. दोन ग्रॅब बार १,२००, लावायची मजुरी ५००. बिनतारी बेल ७००. दोन दिवे ६००. लॅच ५००. एकूण ५,९०० रुपये. चोवीस तासांची ब्युरोची बाई ठेवली तर महिन्याला १८ ते ३० हजार जातात, आणि तिलाही उठवायची रीत शिकवावी लागतेच. सगळं एकदम जमत नसेल तर यादीतला पहिला खर्च आधी करा. दांडे आणि बेल पुढच्या महिन्यात येतील. कोणाला विचारावं हेच कळत नसेल तर ज्येष्ठ नागरिकांसाठीचा राष्ट्रीय मदत क्रमांक १४५६७ आहे, सकाळी ८ ते रात्री ८ पर्यंत, फोन मोफत.